व्हायोलाच्या ओळी

११ जानेवारी

प्रिय काका,

फोनवर तुम्ही "काय? कोण गेलं?" करत राहता आणि मी जिन्यात उभी राहून घसा फोडते. परवा शेजारच्या बाई खरंच विचारायला आल्या, कोण गेलं म्हणून. तेव्हा आता पत्रच बरं. मोबाईलवर टाइप करणं तुमच्या बोटांना जमत नाही, हेही मान्य.

कुणी गेलेलं नाही. पण बाबांचं काही खरं नाही, काका. डोळ्यांनी आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मागच्या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "पुढच्या हिवाळ्याचं आत्ता बोलू नका." मी घरी येताना रिक्षात काहीच बोलले नाही, आणि बाबांना त्यातूनच सगळं समजलं असावं. रात्री जेवताना म्हणाले, "मने, एकदा ती चौकडी ऐकायची होती."

चौकडी म्हणजे कुठली ते तुम्हाला सांगायला नको. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि सेलो. लग्नाआधी लिहिलेली, स्पर्धेला पाठवायची म्हणून छापून घेतलेली, आणि "मधला आवाज कच्चा आहे" असा शेरा मारून परत आलेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे पियानो सुरात लावत फिरले, पण स्वतःचं हे एवढं एक कधी कुणी वाजवलं नाही. बाबा म्हणतात, "माझ्या डोक्यात ती बरोबर वाजते. बाहेर बरोबर वाजते का, एवढंच बघायचंय."

संगीतशाळेतल्या सेलोच्या बाईंकडे गेले होते. त्या तयार आहेत, त्यांचे तीन विद्यार्थी आणि त्या स्वतः. पण आपल्याकडे चारही वाद्यं एकाखाली एक छापलेली ती एकच प्रत आहे. त्यांना प्रत्येकाचा वेगळा, स्वच्छ कागद हवा. हातानं उतरवायला त्यांना वेळ नाही. म्हणाल्या, सॉफ्टवेअर मिळतं, छापील पान स्कॅन केलं की त्याचं नोटेशन होतं, मग हवं तसं वेगळं करता येतं. मी दिवसभर दातांच्या कवळ्या बनवणारी बाई. मला नोटेशनमधलं ओ की ठो कळत नाही. कुठलं घेऊ?

तुमची
मनी


२० जानेवारी

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डॉक्टरचं वाक्य तिसऱ्यांदा वाचवलं नाही.

हे काम खरं माझं. चाळीस वर्षं वाद्यवृंदात व्हायोला वाजवला, एका रात्रीत चारही भाग उतरवून दिले असते. पण माझा हात आता चमच्यातलं सूप तोंडापर्यंत पोचू देत नाही. मी उतरवलेल्या नोट्स म्हणजे पानावर मुंग्या सुटल्यासारख्या दिसतील. तेव्हा यंत्रच बरं.

आमच्या वाद्यवृंदात कागद सांभाळणारा जो होता, त्याला जाऊन भेटलो. तो या कामातलं जुनं खोड. त्यानं सांगितलं ते नीट वाच. मोबाईलनं फोटो काढू नकोस. पान वाकतं, ओळी वाकतात आणि यंत्र गोंधळतं. दुकानातल्या सपाट स्कॅनरवर पान दाबून ठेवायचं. काळंपांढरं नाही, करडं स्कॅन करायचं. कागदावरची धूळ आधी फुंकर मारून उडवायची, कारण नोटेच्या शेजारी ठिपका दिसला की यंत्र ती दीडपट लांब धरतं. दादानं पेन्सिलनं काही खरडलं असेल तर ते खोडरबरानं काढ. त्याला विचारू नकोस, तो नको म्हणेल.

आता निवडायचं कसं. तो म्हणाला, सगळी सॉफ्टवेअर्स काही दिवस फुकट वापरू देतात. तेच पान सगळ्यांना खायला घाल. दोन उभ्या रेघांमधल्या ज्या घरात मात्रांचा हिशोब जुळत नाही, तिथे ही सॉफ्टवेअर्स लाल खूण करतात. ज्यात लाल कमी, ते तुझं. तुला नोटेशन यायची गरजच नाही. लाल तर तुला कळतं ना?

आणि ऐक. लाल गेलं की मला कागद पाठवत बसू नकोस. इकडे टपाल रखडत येतं. त्यात एक बटण असतं, ते दाबलं की सगळं वाजतं. लगेच दादाला ऐकव. त्या स्पर्धेच्या लोकांनी त्याचं तोंड जे बंद केलं ते केलंच. आता मला त्याचं तोंड उघडलेलं बघायचंय. बघता येणार नाही, पण तू लिहिशील.

तुझा
काका


१४ फेब्रुवारी

प्रिय काका,

झालं! म्हणजे जवळजवळ झालं.

आमच्या लॅबमधला स्कॅनर जबड्याचा, त्याचा उपयोग नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. सगळी पानं होईपर्यंत तो वैतागला होता. फुंकर मारून मारून मला चक्कर यायची वेळ आली.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. पानभर लाल. गोवर उठल्यासारखं. नोटेवरचा लहान ठिपका, जो म्हणे तुटक वाजवण्यासाठी असतो, तो यानं शेजारचा समजून सगळं लांबवलं. दुसरं दिसायला देखणं, पण दर दोन ओळींनी हिशोब चुकवायचं आणि "तुमचं काम उत्तम झालं आहे" असं स्वतःच सांगायचं. तशी एक मुलगी आमच्या लॅबमध्ये होती.

तिसरं मात्र, काका, एकही लाल नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकही नाही. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. मग परत बसले आणि परत बघितलं. खरंच नव्हतं.

बाबांना अजून सांगितलं नाही. रविवारी दुपारी ते जरा ताजे असतात. लॅबमधून मोठे स्पीकर मागून आणलेत. सेलोच्या बाईंनाही कळवलं, त्या म्हणाल्या पुढच्या महिन्यात शाळेच्या सभागृहातच करू. बाबांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापणार आहेत.

काका, मी खूप खूश आहे. तुम्हाला ऐकू आलं असतं तर फोनवर लावलं असतं.

तुमची
मनी


१९ फेब्रुवारी

प्रिय काका,

तुमचं उत्तर यायच्या आधीच लिहितेय. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रविवारी बाबांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, "बाबा, तुमची चौकडी." त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, कुणाकडे जायचं असल्यासारखं.

मी बटण दाबलं. सुरुवातीला एकटं व्हायोलिन आहे, तिथे त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आई असती तर तिनं बघितलं असतं कदाचित. मग बाकीची वाद्यं आली, आणि ते हळूहळू गेलं. मला वाटलं आवाज मोठा झाला असेल, मी कमी केला. ते शेवटपर्यंत ऐकत बसले. मध्ये एकदा हात वर करून थांबवायला निघाले, पण हात परत मांडीवर ठेवला.

संपल्यावर म्हणाले, "बरोबर होते ते."

मी विचारलं, "कोण?"

"स्पर्धेवाले. मधला आवाज कच्चाच आहे. मधेच येऊन सगळ्यांच्या पायात येतोय. मने, मी हे डोक्यात चाळीस वर्षं बरोबर ऐकत होतो. म्हणजे मला ऐकूच येत नव्हतं."

मी म्हटलं, यंत्राचा आवाज आहे, खरी वाद्यं गोड वाटतील. ते हसले. म्हणाले, "आवाजाचं नाही बोलत मी. सुरांचं बोलतोय. आयुष्यभर लोकांचे पियानो लावले. बेसूर काय ते मला नको सांगू."

नंतर स्वतः चाचपडत फोनपाशी गेले आणि सेलोच्या बाईंना नको म्हणून सांगितलं. इतक्या नम्रपणे सांगितलं, काका, की मला मोठ्यांदा रडावंसं वाटलं. तेव्हापासून ते जेवतात, औषधं घेतात, विचारलं तर बोलतात. पण वरच्या मजल्यावरचा पियानोचा शिक्षक शिकवायला लागला की खिडकी लावून घेतात.

मला काही कळत नाही. म्हणून तुम्ही नको म्हणालात तरी तिन्ही सॉफ्टवेअर्सचं पहिलं पान आणि मूळ छापील पानांची झेरॉक्स सोबत पाठवतेय. खरंच वाईट आहे का? खरं सांगा. ते वाईट असेल तर मी गप्प बसेन.

मनी


२ मार्च

मने,

वाईट नाही. माझ्या भावाचं वाईट नाही. वाईट मी केलं.

नीट वाच. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक वळणदार खूण असते, तिला क्लेफ म्हणतात. कुठल्या रेषेवर कुठला सूर, हे ती खूण ठरवते. व्हायोलिनची एक असते. व्हायोलाची वेगळी असते, ती दुसरं फारसं कुणी वापरत नाही. आपल्या जुन्या छपाईत व्हायोलाच्या खुणा झिजलेल्या आहेत. तुझ्या तिसऱ्या, शहाण्या सॉफ्टवेअरनं त्या व्हायोलिनच्या धरल्या. त्यामुळे व्हायोलाचा, म्हणजे मधल्या आवाजाचा, एकूण एक सूर सहा पायऱ्या वर चढला. पुरता सप्तकभर वर गेला असता तरी चाललं असतं. त्याला एक पायरी कमी पडली, म्हणून सगळ्यांशी भांडतोय.

आणि लाल खूण का आली नाही? कारण मात्रा मोजून बरोबर आहेत. सूर चुकले तर यंत्राला काय त्याचं. मात्रांचा हिशोब जुळला की त्याचं समाधान.

तू फेकून दिलेलं ते गोवर झालेलं पहिलं सॉफ्टवेअर बघ. त्याच्या मात्रा साफ गेल्यात, पण व्हायोलाची खूण त्यानं बरोबर ओळखली आहे.

चाळीस वर्षं मी रोज त्या खुणेकडे बघून वाजवत आलो. तुला सगळं सांगितलं, धूळ, ठिपके, पेन्सिल. माझ्या स्वतःच्या वाद्याची खूण तपास, एवढं सांगायचं सुचलं नाही. ती मला दिसतच नाही आता, स्वतःचं नाक दिसत नाही तशी. आणि वर शहाणपणा केला की कागद पाठवू नकोस.

दुरुस्त करणं सोपं आहे. व्हायोलाच्या पहिल्या ओळीतली खूण निवड आणि बदल. ते विचारेल, नोट्स हलवू की सूर बदलू. नोट्स जागच्या जागी ठेव, सूर बदलू दे. मग दादाला ऐकव. आत्ता, पत्र खाली ठेव आणि जा.

मी मूळ पानांची झेरॉक्स टेबलावर ठेवून वाचली. कानानं नाही तरी डोळ्यानं मला अजून ऐकू येतं. फार सुंदर आहे, मने. मधला आवाज तर सगळ्यात सुंदर.

काका


११ मार्च

प्रिय काका,

पत्र आलं त्याच संध्याकाळी केलं. तुम्ही सांगितलं तसंच. मलाही फरक कळला, मला, जिला काही कळत नाही.

बाबांना आधी सगळं समजावलं. खूण, झिजलेली छपाई, यंत्राची चूक. तुमचं पत्र अक्षरशः वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी वाजवलं. ह्या वेळी ते शेवटपर्यंत मान खाली घालून बसले होते. संपल्यावर त्यांनी मान वर केली, आणि मला वाटलं, सुटलो आपण.

मग म्हणाले, "छान केलंय त्यानं."

"कुणी?"

"तुझ्या काकानं. व्हायोलाचा अख्खा भाग नव्यानं लिहिलाय. बाकी तीन तसेच ठेवलेत, माझं मन राखायला. व्हायोला त्याच्यासारखा कुणाला कळतो?"

मी शपथ घेतली. छापील पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली आणि परत दिलं. "मला दिसत असतं तर तू हे दिलं नसतंस," म्हणाले. काका, त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

मी सेलोच्या बाईंना घरी आणलं. त्यांनी पान बघून सांगितलं, जसंच्या तसं आहे. बाबा त्यांना म्हणाले, "तुम्ही सगळे फार चांगले लोक आहात." आता मी कुठल्या तोंडानं त्यांना काय सांगू?

सोबत त्यांचं पत्र आहे. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे केला तर त्यांना वाचून दाखवताना कळेल, म्हणून केला नाही.

मनी


(मनीच्या अक्षरात)

प्रिय बारक्या,

मनी हे लिहून घेतेय आणि नाक ओढतेय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू केलेलं ऐकलं. माझ्या हातून जे जमलं नाही ते तू जमवलंस, याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, नाही वाटलं. माझं कच्चं काम कुणाच्या तरी हातानं पक्कं झालं, तेही घरातल्याच माणसाच्या. लहानपणी मी पतंग बांधायचो आणि तू त्याची शेपटी नीट करून द्यायचास, नाहीतर तो गोते खायचा. तसंच.

यंत्राची चूक वगैरे जी गोष्ट तुम्ही दोघांनी रचलीत ती चांगली आहे. पण मी आता लहान नाही. पहिल्या वेळी जे वाजलं ते माझं होतं. मी ओळखलं ते. माणूस आपलं ओळखतो.

सेलोच्या बाई म्हणतात अजूनही करू. माझी एकच अट आहे. कार्यक्रमपत्रिकेत तुझं नाव घाला. माझं घालायचं तर खाली घाला, नाही घातलं तरी चालेल. तुझं नसेल तर मी येणार नाही. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव लावून पहिल्या रांगेत बसायची मला सवय नाही.

हात सांभाळ.

तुझा
दादा


१९ मार्च

दादा,

हे मनीला मोठ्यानं वाचायला सांग.

मी एक सूर लिहिलेला नाही. माझा हात सहीसुद्धा धड करू शकत नाही, बँकेत विचार. ते सगळं तुझं आहे, पहिल्या ठिपक्यापासून. तू जे ओळखलंस म्हणतोस, ते तुझं नव्हतंच. ती माझी चूक होती, मी मनीला खूण तपासायला सांगायला विसरलो. मारायचं तर मला मार, पण तुझं तुझ्याकडे घे.

बारक्या


२७ मार्च

प्रिय काका,

वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "बघ, लहानपणीपण असाच. केलं की नाही म्हणायचं."

पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण तुमच्याशिवाय कुणाला लिहू? सेलोच्या बाईंचे विद्यार्थी पुढच्या महिन्यात परीक्षा देऊन निघून जातील. मग चौघं मिळणार नाहीत. बाबांच्या पायांना आता संध्याकाळी सूज येते. परवा दम लागला तेव्हा मी त्यांना धरून बसले होते, आणि डोक्यात एकच होतं, खरी वाद्यं एकदा तरी ऐकू देत, कुणाच्याही नावानं.

त्यांना पटवायचे सगळे रस्ते मी बघितले. मूळ पान कुणीही वाचलं तरी ते म्हणणार, तुम्ही त्याला सांगून ठेवलंय. खरं सांगणारा प्रत्येक जण त्यांना आणखी एक चांगला माणूस वाटतो.

काका, तुम्ही हो म्हणाल का?

मला माहीत आहे मी काय मागतेय.

मनी


४ एप्रिल

दादा,

बरं बाबा, पकडलंस.

हो, व्हायोलाचा भाग मी लिहिला. थरथरत्या हातानं, थोडा थोडा करून. फार काही नाही, तू जे म्हणत होतास तेच जरा सरळ केलं. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून यंत्राची थाप मारली.

माझं नाव घालायचं तर घाला. पण तू पहिल्या रांगेत बस, आणि शर्टाचं बटण लावून बस.

बारक्या


(त्याच पाकिटात, वेगळ्या चिठ्ठीवर)

मने, हे तुझ्यासाठी. त्याला वाचून दाखवू नकोस.

असं खोटं मी आजवर लिहिलं नव्हतं. मूळ पानांची झेरॉक्स माझ्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवली. तिच्याकडे बघवत नाही. एवढी चांगली गोष्ट त्यानं केली, आणि ती मी त्याच्या हातातून काढून घेतली, तेही त्याच्याच सांगण्यावरून.


२३ एप्रिल

प्रिय काका,

काल झालं.

सभागृह अर्धं भरलं होतं, बहुतेक विद्यार्थ्यांचे आईवडील. बाबांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. कार्यक्रमपत्रिका मी त्यांना वाचून दाखवली. तुमचं नाव वर, त्यांचं खाली. त्यांनी मला तुमचं नाव दोनदा वाचायला लावलं.

खरी वाद्यं वेगळीच असतात, काका. व्हायोला वाजवणारी मुलगी अगदी पोरसवदा आहे, पण मधल्या संथ भागात ती एकटी वर येते तेव्हा माझ्या मागच्या बाईंनी खोकला अडवून धरला. मी बाबांकडे बघत होते. ते रडत होते. पुसत नव्हते, लपवतही नव्हते.

संपल्यावर लोक उभे राहिले. सेलोच्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, रचनाकार आपल्यामध्ये बसलेले आहेत. सगळे बाबांकडे वळून टाळ्या वाजवू लागले. मी त्यांच्या कानात सांगितलं, "बाबा, तुमच्यासाठी आहेत."

त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग आवाज जिकडून येत होता तिकडे तोंड करून, अगदी अभिमानानं, मोठ्यानं म्हणाले, "माझ्या भावाचं आहे हे. त्याला यायला जमलं नाही."

लोकांनी तुमच्यासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त वेळ बाबा वाजवत होते.

तुमची
मनी